विश्लेषण : रागाच्या भरातल्या एका शिवीने नोकरी जाऊ शकते का?

वरिष्ठाशी वाद होतो, आवाज चढतो आणि तोंडून नको तो शब्द निघतो. तासाभरात राग निवतो, पण आठवडाभरात हातात कारणे दाखवा नोटीस पडते. वर्षानुवर्षांची नोकरी एका वाक्यामुळे जाऊ शकते का? सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर कधी ‘नाही’ असे दिले, तर कधी ‘हो’ असे. हा फरक का पडला आणि आज अशी वेळ आलेल्या कर्मचाऱ्याने व कंपनीने काय पाहायला हवे, याचा हा आढावा.

‘महिंद्रा’ प्रकरणात काय घडले?

या विषयावर सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या निकालांपैकी एक निकाल महाराष्ट्रातील प्रकरणातला आहे. महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीतील एका कामगाराने वरिष्ठ अधिकाऱ्याला अत्यंत अश्लील शिव्या दिल्याचा आरोप होता. अंतर्गत चौकशीत आरोप सिद्ध झाला आणि कंपनीने त्याला बडतर्फ केले.

कामगार न्यायालयात गैरवर्तन झाल्याचे मान्य झाले, मात्र बडतर्फीची शिक्षा फार कठोर ठरली. कामगाराला पुन्हा कामावर घ्या आणि मधल्या काळातील वेतनाचा दोन तृतीयांश भाग द्या, असा आदेश निघाला. मुंबई उच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २२ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने खालचे आदेश रद्द करून बडतर्फी कायम केली. वापरलेली भाषा कोणत्याही सुसंस्कृत समाजाला सहन होणारी नाही, असे न्यायालयाने म्हटले. ही भाषा एकदा नव्हे तर दोनदा वापरली गेली, तीही अधिकाऱ्याच्या हाताखालच्या माणसांसमोर, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. कामगाराच्या बाजूने शिक्षा सौम्य करावी असे कोणतेही कारण समोर आले नव्हते.

मग आधीचे निकाल वेगळे का होते?

१९८२ मध्ये ‘रमाकांत मिश्रा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकी उलट भूमिका घेतली होती. तिथेही आरोप बोलण्याचाच होता. भाषा अविचारी, अनुचित आणि धमकीवजा होती. पण त्या कर्मचाऱ्याची १४ वर्षांची सेवा स्वच्छ होती, त्याच्याविरुद्ध आधी एकही ठपका नव्हता. न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि त्याऐवजी दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा दिली.

१९८४ मध्ये ‘वेदप्रकाश गुप्ता विरुद्ध डेल्टन केबल इंडिया’ या प्रकरणात एका सुरक्षा निरीक्षकावर सहकारी आणि अधिकाऱ्यांना शिवीगाळ केल्याचा आरोप होता. तिथे बडतर्फी धक्कादायकरीत्या अवाजवी ठरली. न्यायालयाने त्याला पूर्ण थकीत वेतनासह कामावर घेण्यास सांगितले.

हे तिन्ही निकाल एकत्र वाचले की सूत्र हाती लागते. शिवी दिली म्हणून नोकरी जायलाच हवी, असे न्यायालय म्हणत नाही. शिवीसाठी नोकरी जाऊच शकत नाही, असेही म्हणत नाही. २००६ च्या ‘एल. के. वर्मा विरुद्ध एचएमटी’ प्रकरणातही शाब्दिक शिवीगाळ बडतर्फीसाठी पुरेशी ठरू शकते, हे न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. प्रश्न उरतो तो शिक्षा गुन्ह्याच्या मापाची आहे का, एवढाच.

हे माप ठरते कशावर?

न्यायालयांच्या निकालांत काही मुद्दे पुन्हा पुन्हा येतात.

पहिला, नेमके काय बोलले गेले. तक्रारीचा सूर चढणे, धमकी देणे आणि आई-बहिणीवरून शिव्या देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा, कोणासमोर बोलले गेले. बंद केबिनमधला वाद आणि संपूर्ण विभागासमोर झालेला अपमान यांचा शिस्तीवर होणारा परिणाम सारखा नसतो.

तिसरा, किती वेळा बोलले गेले. रागाच्या भरात एकदा निसटलेला शब्द आणि पुन्हा पुन्हा दिलेली शिवी यांत फरक केला जातो.

चौथा, चिथावणी होती का. समोरच्यानेच आधी अपमान केला असेल, तर तो शिक्षा सौम्य करणारा मुद्दा ठरू शकतो.

पाचवा आणि अनेकदा निर्णायक मुद्दा म्हणजे सेवापुस्तिका. आधीचे मेमो, इशारे, निलंबन नसेल तर कर्मचाऱ्याची बाजू मजबूत होते. शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचे गांभीर्य आणि आधीची सेवा विचारात घ्यावी, हे आदर्श स्थायी आदेशांतही नमूद होते.

न्यायालयाला शिक्षा बदलण्याचा अधिकार कुठून आला?

१९७१ पर्यंत चौकशी रीतसर झाली असेल, तर मालकाने दिलेल्या शिक्षेत कामगार न्यायालयाला फारसा हात घालता येत नसे. डिसेंबर १९७१ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ आले. बडतर्फी योग्य वाटली नाही तर ती रद्द करून कमी शिक्षा देण्याचा अधिकार त्यातून मिळाला. ‘महिंद्रा’ निकालाने या अधिकाराला चौकट घातली. केवळ सहानुभूतीपोटी शिक्षा बदलता येणार नाही. शिक्षा न्यायबुद्धीला खटकण्याइतकी अवाजवी असावी, सौम्य करणारी परिस्थिती असावी किंवा आधीची सेवा तशी असावी, असे न्यायालयाने सांगितले.

महाराष्ट्राने १९७१ मध्येच अनुचित कामगार प्रथांविरोधात स्वतंत्र कायदा केला. किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, आधीची सेवा विचारात न घेता, धक्कादायकरीत्या अवाजवी शिक्षा म्हणून कामावरून काढणे ही त्यात अनुचित प्रथा ठरवण्यात आली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची ‘औद्योगिक संबंध संहिता, २०२०’ लागू झाली आणि औद्योगिक विवाद कायद्याची जागा तिने घेतली. बडतर्फी रद्द करून कमी शिक्षा देण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार या संहितेतही कायम आहे.

चौकशीत काय व्हायला हवे?

शिवीगाळीच्या प्रकरणात साधारणपणे आवाजाचे रेकॉर्डिंग नसते. एकाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द एवढाच पुरावा असतो. म्हणून चौकशीची रीत महत्त्वाची ठरते.

आरोपपत्रात तारीख, वेळ, ठिकाण आणि बोललेले शब्द स्पष्ट असावे लागतात. ‘असभ्य वर्तन केले’ एवढ्या मोघम वाक्याला उत्तर देणे कर्मचाऱ्याला शक्य नसते. अनेक ठिकाणी संकोचापोटी मूळ शब्द लिहिलेच जात नाहीत आणि पुढे न्यायालयात हीच कंपनीची अडचण होते. साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची संधी कर्मचाऱ्याला मिळायला हवी. तक्रारदार अधिकारीच चौकशी अधिकारी असू नये.

इथे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. घटना घडली असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे दिसले तरी पुरते.

चौकशी सुरू असताना निलंबन होऊ शकते, पण पगार पूर्ण थांबवता येत नाही. संहितेनुसार पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर, विलंब कर्मचाऱ्यामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. चौकशी साधारणपणे निलंबनापासून ९० दिवसांत पूर्ण व्हावी, अशीही तरतूद आहे.

आयटीतील कर्मचारी आणि मॅनेजर यांचे काय?

हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतील ‘कामगारा’ला आहे. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे त्यात येत नाहीत. देखरेखीचे काम करणारे आणि महिना १८ हजार रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारेही येत नाहीत. मात्र ही वेतनमर्यादा देखरेखीच्या कामापुरतीच आहे. हाताने कोड लिहिणारा किंवा यंत्र चालवणारा तांत्रिक कर्मचारी जास्त पगार असूनही कामगार ठरू शकतो. पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते.

मॅनेजरचे प्रकरण मुख्यतः नियुक्तिपत्रातील अटींवर चालते. खासगी नोकरीचा करार न्यायालय सहसा जबरदस्तीने पुढे चालू ठेवायला लावत नाही. त्यामुळे चुकीच्या पद्धतीने काढले तरी भरपाई मिळू शकते, खुर्ची परत मिळणे अवघड असते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम लागू होतात. त्यांना संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षणही आहे.

कोणत्या शब्दांना वेगळा कायदा आहे?

महिला सहकाऱ्यावर केलेली लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी ही केवळ असभ्य भाषा राहत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार तो लैंगिक छळ ठरतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. लेखी माफीपासून नोकरी संपुष्टात आणण्यापर्यंतच्या कारवाईचा उल्लेख नियमांत आहे. ‘गंमत केली’ हा बचाव इथे सहसा टिकत नाही.

जातीवाचक अपमानासाठी ॲट्रॉसिटी कायदा आहे. मात्र त्यात प्रसंग लोकांच्या नजरेसमोर घडणे आवश्यक असते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका सरकारी कार्यालयातील प्रकरण याच कारणाने रद्द केले. कार्यालयाच्या चार भिंतींत, बाहेरचे लोक नसताना घडलेला प्रसंग या कलमात बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण फौजदारी कलम लागू झाले नाही म्हणून शिस्तभंगाची कारवाई आपोआप टळत नाही. दोन्ही प्रक्रिया वेगळ्या आहेत.

वरिष्ठच अपमान करत असेल तर?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका केंद्रीय संस्थेच्या संचालकाविरुद्धचा खटला रद्द केला. कामाबाबत वरिष्ठाने खडसावणे हा हेतुपुरस्सर अपमानाचा गुन्हा ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे कामातील चुकीबद्दल कठोर बोलणे वरिष्ठाला माफ असते. शिवी, जात किंवा लिंगावरून टोमणा मारणे या सवलतीत येत नाही. शिस्तीचे नियम मॅनेजरलाही लागू असतात. प्रत्यक्षात मात्र तक्रार वरून खाली लवकर सरकते, खालून वर जायला वेळ लागतो. त्यामुळे वरिष्ठाने अपमान केल्यास त्याच दिवशी लेखी तक्रार करणे उपयोगी ठरते. पुढे वाद चिघळला तर चिथावणीचा पुरावा म्हणूनही ती कामी येते.

नोटीस आल्यास काय करावे?

दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर देणे सर्वात महत्त्वाचे. चौकशीला गैरहजर राहिल्यास ती एकतर्फी पूर्ण होऊ शकते. बोलणे झालेच असेल, तर लवकर मागितलेली माफी शिक्षा ठरवताना उपयोगी पडू शकते. मात्र माफीनाम्यात काय कबूल होते आहे, हे सहीआधी वाचायला हवे. दबावाखाली लिहून दिलेला राजीनामा नंतर मागे घेणे कठीण जाते, कारण कागदावर नोकरी कंपनीने काढलेली नसते, कर्मचाऱ्यानेच सोडलेली असते.

बडतर्फी झालीच, तर सलोखा अधिकाऱ्याकडे जाण्यासाठी संहितेत वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे. आधीच्या कायद्यात थेट न्यायाधिकरणात जाण्यासाठी तीन वर्षे मिळत. आता तेवढा वेळ हातात नाही.