मिल-फय : हजार पानांची चक्रवाढ

चहाच्या कपात बुडवलेली खारी ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांनी या खारीला घरोघरी पोहोचवले आणि बदलीच्या नोकरीमुळे गावोगावी फिरणाऱ्या आम्हा बँक कर्मचाऱ्यांनी तिला देशभरातल्या शाखांमध्ये सोबत नेले. परंतु या साध्यासुध्या खारीचे एक अत्यंत खानदानी भावंड फ्रान्समध्ये नांदते आहे, याची कल्पना फारच थोड्यांना असते. त्याचे नाव मिल-फय. फ्रेंच भाषेत ‘मिल’ म्हणजे हजार आणि ‘फय’ म्हणजे पान. कुरकुरीत पापुद्र्यांचे तीन थर, त्यांच्यामध्ये दाट, मुलायम कस्टर्डचे दोन थर आणि वर साखरेचा मुलामा, असे या पक्वान्नाचे रूप आहे. अमेरिकेत आणि रशियात हाच प्रकार ‘नेपोलियन’ या नावाने ओळखला जातो.

पापुद्र्यांच्या या विद्येची परंपरा जुनी आहे. 1651 साली प्रसिद्ध झालेल्या ला व्हारेन या फ्रेंच पाकशास्त्रज्ञाच्या ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. पुढे 19व्या शतकाच्या आरंभी आंतोनॅन करेम या विख्यात आचाऱ्याने तिला राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांत मानाचे पान मिळवून दिले.

हजार पाने येतात कोठून?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या पदार्थाचा मोह पडावा, असे त्याचे गणित आहे. मैद्याच्या पारीत लोण्याची एक लादी गुंडाळायची, लाटायची आणि पत्रासारखी तीन पदरी घडी घालायची. एका लोण्याच्या थराचे तीन थर झाले. पुन्हा लाटून घडी घातली की नऊ. मग 27, 81, 243 आणि सहाव्या घडीला 729! तीन पत्रे एकावर एक रचले की 2,187. म्हणजे ‘हजार पाने’ हे नाव अतिशयोक्तीचे नसून विनयाचेच म्हणावे लागेल. चक्रवाढीचे हे सामर्थ्य आपण पासबुकात पाहतो. येथे ते पोळपाटावर पाहावयास मिळते.

या थरांचे कार्यही समजून घेण्याजोगे आहे. लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असते, पिठातही असते. ओव्हनच्या उष्णतेने या पाण्याची वाफ होते आणि ती वर उठू पाहते. प्रत्येक दोन पाऱ्यांमध्ये स्निग्धाचा पडदा असल्याने पाऱ्या एकमेकींना चिकटत नाहीत. वाफ त्यांना सुट्या करून उचलते. खमीर नाही, सोडा नाही. सारा फुलोरा केवळ घड्यांचा.

आपल्या चिरोट्यांत हेच तत्त्व वेगळ्या रीतीने वापरलेले आहे. चिरोट्याच्या साट्यात तुपाला तांदळाच्या पिठाची किंवा कॉर्नफ्लोअरची जोड असते, त्यामुळे आपल्या उष्ण हवेतही ते पटकन वाहून जात नाही. फ्रेंच रीतीत मात्र निव्वळ लोणी असते. म्हणून तेथे थंडावा हाच खरा कारागीर.

साहित्य (सहा नगांसाठी)

पेस्ट्रीसाठी : मैदा 250 ग्रॅम, बिनमिठाचे लोणी 225 ग्रॅम, थंडगार पाणी सुमारे 125 मिलिलिटर, लिंबाचा रस एक चमचा, मीठ पाऊण चमचा.

कस्टर्डसाठी : दूध अर्धा लिटर, अंड्यांचे पिवळे बलक चार, साखर 100 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 40 ग्रॅम, लोणी 30 ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स.

वरून घालण्यासाठी : आयसिंग शुगर.

घरी काढलेल्या लोण्यात पाण्याचे प्रमाण कमीअधिक असते; ते वापरायचे असल्यास पाणी पूर्णपणे दाबून काढावे. अन्यथा बाजारातले बिनमिठाचे बटर सोयीचे पडते.

कृती : सहा घड्या, तीन विसावे

मैद्यात मीठ, लिंबाचा रस, 25 ग्रॅम वितळवलेले लोणी आणि पाणी घालून गोळा भिजवावा. पोळीच्या कणकेसारखा तो मळू नये. एकजीव होताच थांबावे आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. उरलेले 200 ग्रॅम लोणी बटर पेपरच्या दोन कागदांत ठेवून लाटण्याने थोपटावे आणि पंधरा सेंटिमीटरची चौकोनी लादी करावी. लोणी इतके थंड हवे की हाताला चिकटू नये आणि इतके मऊ हवे की वाकवले असता मोडू नये.

पिठाची साधारण बावीस सेंटिमीटरची चौकोनी पारी लाटून तीवर लादी तिरकी ठेवावी. चारही कोपरे मध्यावर आणून पाकिटासारखे बंद करावे. आता रुंदीच्या तिप्पट लांब अशी पट्टी लाटावी, तिची तीन पदरी घडी घालावी, काटकोनात फिरवावी आणि पुन्हा तसेच करावे. दोन घड्या झाल्या की कागदात गुंडाळून पाऊण तास फ्रीजमध्ये. अशा तीन फेऱ्यांत सहा घड्या पूर्ण होतात.

येथे अनेकांचा धीर सुटतो. विसाव्याचा वेळ वाया गेला असे वाटते; प्रत्यक्षात दोन महत्त्वाची कामे त्याच वेळात होत असतात. लाटल्यामुळे ताणलेले पीठ सैल होते आणि मऊ पडलेले लोणी पुन्हा घट्ट होते. विसावा टाळून पुढची घडी घातली तर पारी आक्रसते, लोणी पिठात मुरते आणि आधी साधलेले सर्व थर एका क्षणात गमावले जातात. मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर व्याजाचे नुकसान होते. येथे तर मुद्दलच हातचे जाते. तद्वतच सहाव्या घडीनंतरचा लोभही बरा नव्हे. तीन मिलिमीटर जाडीच्या पारीत 729 थर असताना एकेका थराची जाडी मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याहूनही कमी असते. त्यापुढे घड्या वाढवल्यास थर वाढण्याऐवजी एकमेकांत विरघळू लागतात.

नागपूरच्या मे महिन्यात हा उद्योग आरंभू नये. इंदूर-नाशिकची डिसेंबरमधली पहाट त्यास उत्तम. मुंबईसारख्या दमट हवेत प्रत्येक घडीनंतर विसावा द्यावा आणि शक्य तर ग्रॅनाइटच्या ओट्यावर लाटावे.

अखेरच्या घडीनंतर तासभर थांबून निम्मे पीठ घ्यावे. उरलेले निम्मे नीट गुंडाळून फ्रीजरमध्ये महिनाभर राहते. घेतलेल्या भागाची तीस सेंटिमीटरची, तीन मिलिमीटर जाड चौकोनी पारी लाटून काट्याने सर्वत्र टोचावी आणि वीस मिनिटे थंड करावी. ट्रे लहान असल्यास दोन भाग करावेत. वर बटर पेपर आणि दुसरा ट्रे ठेवून 200 अंश सेल्सिअसवर वीस मिनिटे भाजावी. मग वरचा ट्रे काढून 180 अंशांवर आणखी वीस-पंचवीस मिनिटे, गडद सोनेरी रंग येईपर्यंत. फिकट रंगावर समाधान मानल्यास आतले थर कच्चे राहतात. शेवटी आयसिंग शुगर भुरभुरवून 220 अंशांवर तीन-चार मिनिटे ठेवावी. साखरेचा चकचकीत मुलामा तयार होतो. या वेळी ओव्हनपुढून हलू नये. गार झाल्यावर कडा कापून करवती सुरीने अठरा सारखे आयत करावेत.

कस्टर्ड

बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअर फेटून त्यात गरम दूध हळूहळू मिसळावे. मिश्रण पुन्हा आचेवर ठेवून सतत ढवळावे; बुडबुडे आल्यावरही पूर्ण एक मिनिट उकळू द्यावे. बलकातील एक विकर स्टार्चचे विघटन करते; उकळल्याने ते निष्प्रभ होते, अन्यथा दाट झालेले कस्टर्ड काही वेळाने पातळ होते. शेवटी लोणी आणि व्हॅनिला घालून, पृष्ठभागाला चिकटेल असा प्लॅस्टिकचा कागद लावून थंड करावे.

अंडे न खाणाऱ्यांनी हिरमुसू नये. 1837 साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड याने, पत्नीला अंडी सोसत नसल्याने, अंड्याविना कस्टर्ड पावडर तयार केली. तिचे चार मोठे चमचे अर्ध्या लिटर दुधाला पुरेसे होतात.

घरीच का करावे?

बाजारात आयते मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या पदार्थाच्या स्वभावातच आहे. कस्टर्ड लावल्या क्षणापासून त्यातले पाणी पापुद्र्यांत शिरू लागते. दोन-तीन तासांत कुरकुरीतपणा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी उरते ती ओलसर पोळी. दुकानदाराला माल आधी रचून काचेच्या कपाटात मांडून ठेवावा लागतो. गृहिणीला अथवा गृहस्थाला मात्र पापुद्रे हवाबंद डब्यात, कस्टर्ड फ्रीजमध्ये ठेवून पाहुणे पाटावर बसल्यावर थर रचता येतात. पापुद्रा, कस्टर्ड, पापुद्रा, कस्टर्ड आणि मुलाम्याचा पापुद्रा सर्वांत वर! हा ताजेपणा उत्तमोत्तम दुकानालाही सहजी देता येत नाही. तो घराचाच हक्क आहे.

साठवताना उतावीळ होऊ नये आणि उपभोगाची वेळ आली असता ती पुढे ढकलू नये. संचयाचे पहिले सूत्र आम्ही बँकवाले ग्राहकांना नेहमी सांगतो. दुसरे सांगायचे बहुधा राहून जाते. मिल-फय ही दोन्ही सूत्रे एकाच बशीत वाढते. तेव्हा येत्या हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी फ्रीजमध्ये थोडी जागा करा, लाटणे हाती घ्या आणि शेजाऱ्यांना संध्याकाळचे आमंत्रण सकाळीच देऊन ठेवा.