संगणकाच्या मदरबोर्डची विश्वसनीयता

संगणकातील प्रक्रियक, स्मृती, साठवणीची साधने, विद्युत् पुरवठा व बाहेरील जोडण्या ज्या एकाच मुद्रित फलकावर परस्परांशी जोडलेल्या असतात, त्यास मदरबोर्ड किंवा मुख्य फलक म्हणतात. स्मृतिपट्टी, डिस्क वा पंखा बिघडल्यास तेवढाच भाग बदलता येतो. मुख्य फलक बिघडल्यास मात्र संपूर्ण संगणक बंद पडतो आणि पुष्कळदा त्याच्याशी जुळणारे इतर भागही निरुपयोगी ठरतात. त्यामुळे एखादा फलक विकत घेण्याइतका भरवशाचा आहे किंवा नाही, हे ठरविणे संगणकाच्या खरेदीतील सर्वांत महत्त्वाचा व त्याचबरोबर सर्वांत अवघड निर्णय ठरतो. वेग, स्मृतीची कमाल मर्यादा व जोडण्यांची संख्या हे गुण वेष्टनावर छापलेले असतात. टिकाऊपणा मात्र छापलेला नसतो. तो अनुमानानेच जाणावा लागतो.

या निर्णयाचे महत्त्व शहरात चटकन ध्यानात येत नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथील बाजार जवळ असल्यास बिघडलेला फलक एकदोन दिवसांत बदलता येतो. नाशिकपासून सुमारे ५५ किमी. अंतरावर, सह्याद्रीच्या रांगांत व गुजरातच्या सीमेलगत असलेल्या पेठ तालुक्यासारख्या आदिवासीबहुल भागात परिस्थिती निराळी असते. महाराष्ट्र शासनाच्या ‘संग्राम’ (संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र) या प्रकल्पामुळे २०११ पासून ग्रामपंचायतींचे दाखले व हिशेब संगणकावर आले. पुढे २०१६ पासून हे काम ‘आपले सरकार सेवा केंद्रां’कडे गेले. जेथे असा एकच संगणक असतो, तेथे फलक बिघडला की दाखल्याचे काम थांबते आणि पाड्यावरून चालत आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागते. अशा ठिकाणी विश्वसनीयता ही चैन नसून मूलभूत गरज असते.

विश्वसनीयतेची संकल्पना : एखादे साधन ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळपर्यंत, नेमून दिलेले काम बिनचूक करील याची संभाव्यता म्हणजे त्याची विश्वसनीयता होय. या व्याख्येतील ‘ठरावीक परिस्थिती’ व ‘ठरावीक काळ’ या दोन्ही अटी वगळल्यास तिला काही अर्थ उरत नाही. दुसऱ्या महायुद्धात निर्वात नलिकांवर चालणारी लष्करी उपकरणे वारंवार बंद पडू लागल्याने या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासास चालना मिळाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नेमलेल्या सल्लागार गटाच्या १९५७ मधील अहवालानंतर विश्वसनीयता अभियांत्रिकी ही स्वतंत्र शाखा म्हणून रूढ झाली.

इलेक्ट्रॉनीय साधनांतील बिघाडांचे प्रमाण काळानुसार मांडल्यास त्याचा वक्र आंघोळीच्या टबाच्या छेदासारखा दिसतो. आरंभी सदोष डाख, वाईट सुटे भाग यांमुळे बिघाड जास्त होतात; नंतर दीर्घकाळ ते कमी व साधारण स्थिर राहतात; अखेरीस झीज व जीर्णता यांमुळे पुन्हा वाढतात. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, पहिल्या काही आठवड्यांतील बिघाड व पाचसहा वर्षांनंतरचा बिघाड यांची कारणे वेगळी असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात.

निर्माते कित्येकदा ‘दोन बिघाडांमधील सरासरी काळ’ देतात. हा आकडा २ लाख तास असल्यास फलक जवळजवळ २३ वर्षे चालेल, असा समज होतो. तो चुकीचा आहे. त्याचा खरा अर्थ असा की, असे १०० फलक एक वर्ष अखंड चालविल्यास त्यांचे मिळून ८ लाख ७६ हजार तास भरतात आणि त्या काळात चार ते पाच फलक बिघडणे अपेक्षित असते. हा आकडा वक्राच्या मधल्या, सपाट भागापुरताच लागू पडतो. जीर्णतेविषयी तो काहीही सांगत नाही.

घडण व कमकुवत भाग : इंटेल कंपनीने १९९५ मध्ये पुढे आणलेल्या एटीएक्स रचनेत फलकाचे आकारमान ३०५ × २४४ मिमी. ठरविण्यात आले, लहान फलकांची आकारमानेही त्यावरूनच निघाली. फलक काचतंतुयुक्त एपॉक्सीचा असून त्यात तांब्याचे चार, सहा किंवा अधिक थर असतात. त्यावरील संकलित मंडले सामान्यतः दीर्घायुषी असतात. बिघाडाची मुख्य स्थाने म्हणजे विद्युत् दाब नियंत्रित करणारा विभाग, धारित्रे, डाखाचे सांधे व जोडणीची खोबणी ही होत.

दाब नियंत्रक विभाग १२ व्होल्टचा पुरवठा प्रक्रियकाला लागणाऱ्या सुमारे १ व्होल्टपर्यंत उतरवितो. प्रक्रियक १०० वॉट शक्ती घेत असल्यास या विभागातून सुमारे १०० अँपिअर प्रवाह वाहतो. हा प्रवाह अनेक समांतर शाखांत वाटला जात असेल आणि त्यांवर उष्णता पसरविणारे धातूचे पंख बसविलेले असतील, तर प्रत्येक घटकावरील ताण कमी होतो. सर्वांत स्वस्त फलकांत नेमकी येथेच काटकसर केलेली असते. कमी शक्तीच्या प्रक्रियकाबरोबर असा फलक वर्षानुवर्षे चालतो. जास्त शक्तीचा प्रक्रियक बसविल्यास मात्र तोच फलक लवकर निकामी होतो.

धारित्रे, म्हणजे बाजारभाषेतील कपॅसिटर, यांचे द्रवयुक्त व घन बहुवारिकयुक्त असे दोन प्रकार फलकावर आढळतात. द्रवयुक्त धारित्रातील विद्युत् विच्छेद्य हळूहळू सुकतो. तापमान १०° से. ने कमी केल्यास त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा व्यवहारातील नियम आहे. १०५° से. तापमानास २,००० तासांचे असलेले धारित्र ६५° से. तापमानास सुमारे ३२,००० तास टिकते. हवा कोंडलेल्या पेटीत ७५° से. तापमान राहिल्यास हे आयुष्य १६,००० तासांवर येते. घन प्रकारात तापमान २०° से. ने उतरल्यास आयुष्य सुमारे दसपट होते, म्हणून ६५° से. ला तेच २,००० तासांचे धारित्र २ लाख तासांपर्यंत टिकू शकते. यावरून उष्ण प्रदेशातील खरेदीत घन धारित्रांना पसंती का द्यावी, हे स्पष्ट होते.

दोन बोधप्रद घटना : १९९९ नंतरच्या काही वर्षांत तयार झालेल्या असंख्य फलकांवरील द्रवयुक्त धारित्रे दोनतीन वर्षांतच फुगू व गळू लागली. त्यांतील पाणीयुक्त विच्छेद्यात ॲल्युमिनियमाचे रक्षण करणारी योग्य द्रव्ये नसल्याने आत हायड्रोजन वायू साठत असे. धारित्राच्या माथ्यावरील खाचा फुगून उघडणे व तपकिरी द्रव बाहेर येणे, ही त्याची खूण होय. नामांकित निर्मात्यांचे फलकही यातून सुटले नाहीत, कारण सुटे भाग पुरविणारे कारखाने समान होते.

दुसरी घटना जानेवारी २०११ मधील आहे. इंटेलने आपल्या नव्या ६ मालिकेतील साहाय्यक संकलित मंडलात दोष असल्याचे जाहीर केले. डिस्क जोडण्याच्या सहांपैकी चार मार्गांची कार्यक्षमता काळानुसार घटण्याची शक्यता होती. फलक नवे असताना सर्व चाचण्यांत उत्तीर्ण होत होते. दुरुस्ती व बदली यांसाठी कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर खर्चाचा अंदाज दिला होता. एकच मंडल सर्व निर्मात्यांच्या फलकांवर असल्याने फलकाचे नाव बदलून ग्राहकाचा बचाव होणार नव्हता. निर्मात्याने दोष मान्य करून फलक परत घेणे, हेच त्याचे खरे संरक्षण ठरले. या दोन्ही घटनांवरून असे दिसते की, विश्वसनीयता ही नावाला चिकटलेली नसते. ती विशिष्ट नमुन्याची, विशिष्ट काळातील उत्पादनाची व त्यामागील जबाबदारीची बाब असते.

परिसराचा परिणाम : पेठसारख्या घाटमाथ्यालगतच्या भागात जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो व हवा दीर्घकाळ दमट राहते. फलकावर बसलेली धूळ ओलावा धरून ठेवते; तीतील क्षार व विद्युत् दाब यांमुळे दोन तांब्याच्या रेषांमध्ये धातूचे सूक्ष्म तंतू वाढून मंडल जुळते. मुंग्या, झुरळे व पाली यांचा उपद्रवही असतो. उन्हाळ्याच्या सुटीत बंद राहिलेला शाळेचा संगणक पहिल्या पावसानंतर सुरू होत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. असा संगणक सुटीतही अधूनमधून काही तास चालू ठेवल्यास त्याच्या स्वतःच्या उष्णतेने ओल निघून जाते.

वीजपुरवठा हा दुसरा घटक होय. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घ भारनियमन होत असे. पुरवठा परत येण्याच्या क्षणी दाबात होणारी उसळी फलकास घातक ठरते. मॉन्सूनपूर्व वादळांतील विजेचा धक्का पुरवठ्याच्या तारेतूनच नव्हे, तर दूरध्वनीच्या व जालाच्या तारेतूनही फलकापर्यंत पोहोचतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकावर मातीचा थर पातळ असेल तेथे उन्हाळ्यात जमिनीचा विद्युत् रोध वाढतो व चांगले अर्थिंग मिळणे कठीण होते. अर्थिंगविषयी मार्गदर्शन करणारे आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे. अर्थिंग तपासून घेणे व अखंड वीजपुरवठा साधन, म्हणजे यूपीएस, बसविणे यांवरील खर्च महागड्या फलकावरील जादा खर्चापेक्षा अधिक फलदायी ठरतो.

प्रमाणचिन्हांचा अर्थ : भारतात २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशान्वये संगणक व विद्युत् अनुयोजक यांसाठी आयएस १३२५२ या मानकानुसार नोंदणी आवश्यक करण्यात आली. हे मानक सुरक्षिततेचे होते. साधनामुळे धक्का बसू नये वा आग लागू नये, एवढीच त्याची हमी. टिकाऊपणाची हमी त्यातून मिळत नाही. ओलसर उष्णता, कंपन, थंडी इ. परिस्थितींतील चाचण्यांसाठी आयएस ९००० ही मानकमालिका आहे. अशा चाचण्यांसाठी केंद्र शासनाने मुंबईत अंधेरी येथे विभागीय इलेक्ट्रॉनीय चाचणी प्रयोगशाळा स्थापन केली. एकेका ग्राहकाला अशी चाचणी परवडत नाही; शेकडो संगणक एकदम घेणाऱ्या संस्थेने मात्र चाचणीचा अहवाल मागणे योग्य ठरते.

पुराव्याची पारख : ‘माझा फलक पाच वर्षे चालला’ किंवा ‘माझा महिन्यात जळाला’ या दोन्ही विधानांतून फार थोडे सिद्ध होते. दहा फलक एक वर्ष निर्दोष चालले, तरी त्या नमुन्याचे वार्षिक बिघाडाचे प्रमाण शेकडा २५ इतके असण्याची शक्यताही संख्याशास्त्रानुसार पूर्णपणे फेटाळता येत नाही. प्रमाण शेकडा १ हून कमी आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणण्यासाठी सुमारे ३०० निर्दोष फलकांचा अनुभव लागतो. शिवाय तक्रार करणारे बोलतात व समाधानी गप्प राहतात. म्हणून तक्रारींच्या संख्येपेक्षा त्यांच्या स्वरूपाकडे पाहावे. निरनिराळ्या ठिकाणच्या अनेकांनी एकच दोष सांगितल्यास तो रचनेतील दोष मानावा. दोष विखुरलेले असल्यास ते बहुधा उत्पादनातील नेहमीचे प्रमाण असते. अनेक संगणकांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाचा अनुभव विक्रेत्याच्या शिफारशीपेक्षा मोलाचा असतो, कारण परत आलेले फलक त्याने पाहिलेले असतात.

बिघाडाचे खापर पुष्कळदा विनाकारण फलकावर फोडले जाते. तारीख-वेळ वारंवार चुकणे, हे फलकावरील ३ व्होल्टची नाण्याच्या आकाराची बॅटरी संपल्याचे लक्षण असते. ती अल्प किंमतीत बदलता येते. स्मृतिपट्टीचे संपर्क मळणे किंवा वीजपुरवठा पेटी सदोष असणे, ही कारणेही नेहमीची आहेत. पाच भागांच्या संगणकात प्रत्येक भागाची वार्षिक विश्वसनीयता शेकडा ९८ असली, तरी संपूर्ण संगणकाची ती शेकडा ९० च भरते. उत्तम फलक निकृष्ट पुरवठा पेटीला जोडणे म्हणूनच व्यर्थ ठरते.

निर्णयाची पद्धती : प्रथम उपयोग व परिसर निश्चित करावा. कार्यालयीन कामासाठी रंगीत दिवे किंवा प्रक्रियक मर्यादेबाहेर वेगाने चालविण्याची सोय यांचा काही उपयोग नसतो. घन धारित्रे, प्रक्रियकाच्या शक्तीला पुरून उरणारा दाब नियंत्रक विभाग व साधी रचना यांना प्राधान्य द्यावे. बाजारात नुकत्याच आलेल्या नमुन्याऐवजी वर्षभर वापरात असलेला नमुना घेतल्यास त्याचे दोष उघड झालेले असतात. फलकावर छापलेला आवृत्तिक्रमांक पाहावा, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत सुटे भाग वेगळे असू शकतात. निर्माता मूलभूत आज्ञावलीच्या सुधारित आवृत्त्या किती वर्षे पुरवितो, हेही पाहावे.

हमीपत्राची मुदत जितकी महत्त्वाची, तितकीच त्यातील अपवादांची यादीही महत्त्वाची असते. जळालेला किंवा गंजलेला फलक हमीतून वगळलेला असल्यास दमट भागात त्या हमीचे मोल कमी होते. सेवा केंद्र किती अंतरावर आहे व बदली फलक किती दिवसांत मिळतो, हे लेखी घ्यावे. खरेदीनंतर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी संगणक दोन-तीन दिवस अखंड व भरपूर भाराखाली चालवून पाहावा. वक्राच्या पहिल्या भागातील बहुतेक दोष यातून उघड होतात.

सर्व काळजी घेऊनही विशिष्ट फलक किती टिकेल, हे कोणालाच सांगता येत नाही. संभाव्यता बिघाडाची शक्यता घटविते, ती नाहीशी करीत नाही. म्हणून दूरच्या ठिकाणी निवडीचा अंतिम निकष ‘हा बिघडेल का’ असा नसून ‘हा बिघडल्यास काम किती दिवस थांबेल’ असा असावा. तालुक्यातील अनेक कार्यालयांनी एकाच नमुन्याचे फलक घेऊन एक-दोन राखीव फलक तालुक्याच्या ठिकाणी ठेवल्यास, थोड्या खर्चात दोन आठवड्यांचा खोळंबा एका दिवसावर आणता येतो.