‘सगळं दुःखच आहे’ असं बुद्ध म्हणाले का?

मित्रहो, इथं शेंद्र्यात समोर बरेचजण शिफ्ट संपवून थेट आलेले दिसताहेत. म्हणून आपण एका नेहमीच्या वाक्यापासून सुरुवात करू: ‘बुद्धांनीच सांगितलंय, जीवन दुःख आहे, मग तक्रार कशाला?’ हे वाक्य बुद्धांच्या नावावर खपवलं जातं. ते तपासून बघू.

सारनाथच्या पहिल्या प्रवचनात जन्म, जरा, मरण, अप्रियाशी गाठ, प्रियाचा वियोग, हवं ते न मिळणं, यांना दुःख म्हटलंय. पण पाली ‘दुक्ख’ आपल्या रोजच्या ‘दुःखा’पेक्षा मोठा शब्द. कंबर दुखते, ते दुक्ख-दुक्ख. ओव्हरटाइमचे पैसे मिळाल्याचा आनंद टिकत नाही, ते विपरिणाम-दुक्ख. आणि कारणांवर उभी असलेली कुठलीच गोष्ट, अगदी आपलं शरीर-मनसुद्धा, पूर्ण भरवशाची नाही, ते संखार-दुक्ख. शिवाय बुद्ध तिथं थांबत नाहीत. दुःखाला कारण आहे, ते संपू शकतं, त्याचा मार्ग आहे, हे लगेच पुढं येतं. वैद्यानं रोगाचं नाव सांगितलं, म्हणजे आजारीच राहा असं सांगितलं का?

ही अडचण बाबासाहेबांनी नेमकी हेरली होती. त्यांच्या निधनानंतर 1957 साली आलेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’च्या प्रस्तावनेत ते विचारतात, चार आर्यसत्यं मूळ शिकवणीत होती का? जन्म, मरण, पुनर्जन्म सगळंच दुःख असेल तर माणसाला आशा कशाची? म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, हेही त्यांना पटत नाही. 29 वर्षांच्या माणसानं तोवर हे पाहिलंच नव्हतं? त्यांच्या मांडणीत गृहत्यागामागे शाक्य आणि कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरचा तंटा येतो. जायकवाडीच्या पाण्यावरची भांडणं ऐकत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावायला नको.

पाली परंपरेत चार सत्यांचं स्थान मोठं आहे, त्यामुळे अनेक अभ्यासक इथं बाबासाहेबांशी सहमत नाहीत. तो वाद खरा आहे. पण माणसानं माणसाला दिलेलं दुःख त्या ग्रंथांत नाही, असं मात्र आम्हाला वाटत नाही. मज्झिम निकायातलं महादुक्खक्खंध सुत्त काढून बघा. पोटासाठी ऊन, थंडी, डास-माश्या सोसणारा माणूस तिथं आहे. कष्ट करूनही हाती काही लागलं नाही म्हणून तो रडतो. लागलंच, तर राजा नेईल की चोर, या काळजीत रात्र काढतो. आणि लोभापायी राजा राजाशी, आई मुलाशी भांडते, हेही त्याच सुत्तात आहे.