पत्रकारितेची पदवी : ऐकीव किती, खरे किती?

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, वणी, दारव्हा, उमरखेडच्या घरांत पुढच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. एखादी मुलगी ‘मला पत्रकारिता शिकायची आहे’ म्हणाली, की सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातले बरेच सल्ले ऐकीव असतात. घरात निर्णय होण्याआधी ते तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : पदवी नसेल तर पत्रकार होता येत नाही.

वस्तुस्थिती : वकिलीला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. पत्रकारितेला आपल्या देशात असा परवाना नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य हाच तिचा पाया आहे. सरकारी अधिस्वीकृतिपत्रामुळे काही सवलती मिळतात, पण बातमी लिहायला ते लागत नाही. तेव्हा ‘आमच्याकडे प्रवेश घ्या, पत्रकार असल्याचे ओळखपत्र मिळेल’ असे कुणी सांगत असेल, तर त्या दारातून परत फिरावे.

गैरसमज : मग शिकायचे कशाला? लिहिता येते, हातात मोबाईल आहे, तेवढे पुरे.

वस्तुस्थिती : या प्रश्नाचे उत्तर यवतमाळइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच मिळेल. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात किमान वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. ‘फवारणीने मृत्यू’ एवढे कुणीही लिहील. पण डब्यावरचा त्रिकोण लाल होता की पिवळा, म्हणजे औषध कोणत्या विषारी गटातले, त्याची विक्री कोणत्या नियमाने झाली, दवाखान्यात उतारा उपलब्ध होता का, हे विचारायला शिकावे लागते. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज नेमक्या शब्दांत कसा लिहायचा, तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील कुठे करायचे, हेही शिकावे लागते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे आपला जिल्हा देशभर बातमीत राहिला. अशा घरी गेल्यावर काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही? प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. मृत्यूच्या पद्धतीचे वर्णन करू नये, मथळा भडक नसावा, छायाचित्र वापरू नये. अत्याचारपीडित बालकाची ओळख उघड करणे तर कायद्याने गुन्हा आहे. नकळत झालेली चूकही त्या घराला आयुष्यभर पुरते. चांगला अभ्यासक्रम हा संयम अंगवळणी पाडतो, आणि माझ्या मते पदवीची खरी किंमत त्यातच आहे.

गैरसमज : पत्रकारितेच्या सगळ्या पदव्या सारख्याच.

वस्तुस्थिती : इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. बारावीनंतर जनसंवादाची तीन वर्षांची पदवी असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑनर्ससाठी चौथे वर्षही करता येते. आपल्याकडे रूढ असलेली ‘बी.जे.’ मात्र कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एका वर्षात होत आली आहे. म्हणून अर्थशास्त्र, कृषी किंवा विज्ञान शिकून मग पत्रकारितेकडे वळणे हाही चांगला मार्ग आहे. कापसाच्या हमीभावाचे गणित कळणारा बातमीदार इथे केव्हाही हवाच आहे. खासगी संस्थेचा ‘डिप्लोमा’ म्हणजे पदवी नव्हे. पैसे भरण्यापूर्वी महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, हे त्या विद्यापीठाकडूनच खात्री करून घ्यावे. यवतमाळसाठी ते विद्यापीठ म्हणजे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ.

गैरसमज : हे मुंबई-पुण्याचे आणि इंग्रजीवाल्यांचे क्षेत्र आहे.

वस्तुस्थिती : वणीच्या लोकनायक बापूजी अणे यांनी शंभर वर्षांपूर्वी यवतमाळातून ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढले. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी ते नाव पुढे नेले आणि १९७१ मध्ये नागपुरातून त्याचे दैनिक सुरू झाले. भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्रही आज शेजारच्या अमरावतीत आहे. इंग्रजी शिकावेच, कारण अहवाल आणि निकालपत्रे त्या भाषेत असतात. पण ज्या मुलीला घरी गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी येते, तिला तांड्यावर आणि पोडावर जे ऐकू येईल ते दुभाष्या घेऊन आलेल्याला येणार नाही.

गैरसमज : पदवी मिळाली की वाहिनीवर नोकरी पक्की.

वस्तुस्थिती : तशी हमी कुणीच देऊ शकत नाही. तालुक्यात अनेक वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर काम करतात, वर जाहिरातीही आणतात. हे वास्तव पालकांनी आणि मुलांनी आधीच समजून घ्यावे. मात्र वाटा एकट्या वाहिनीपुरत्या नाहीत. आकाशवाणी, जिल्हा माहिती कार्यालये, जनसंपर्क, सामाजिक संस्था, डिजिटल माध्यमे, अशा अनेक ठिकाणी हे शिक्षण कामी येते.

प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयात एकच गोष्ट विचारा : मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर जाऊन केलेल्या बातम्या दाखवाल का? समोर आलेल्या कागदांत एखादे गाव, तिथली माणसे आणि तपासलेले आकडे दिसले, तर खुशाल अर्ज भरा.