खात्यात पडलेले परक्याचे पैसे

अतिवृष्टीचे अनुदान, पीकविम्याची भरपाई, पीएम किसानचे दोन हजार, लाडक्या बहिणीचे दीड हजार, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे निराधार योजनेचे पैसे. बिलोली तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी घराच्या पासबुकात वर्षभरात यातले तीन-चार प्रकारचे पैसे पडतात, आणि त्यातले कुठले, कधी, किती येणार हे आधी कुणी नीट सांगत नाही. मांजरेला पूर आला, सोयाबीन पाण्याखाली गेले, पंचनामे झाले की पुढचे कित्येक आठवडे गावात एकच विचारणा असते : पैसे पडले का? कुणाला जास्त पडलेले असतात, कुणाला कमी, कुणाला मुळीच नाहीत. पासबुक छापून घेतले तर त्यावर इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ उमटते. तिच्यावरून हे पैसे तहसीलचे, विमा कंपनीचे की आणखी कुणाचे, हे शिकलेल्या माणसालाही सांगता येत नाही. चुकून आलेले पैसे ठेवावेत का, हा प्रश्न आपल्या भागात या पासबुकापासून सुरू होतो. त्याचे उत्तर 'ठेवू नयेत' असेच आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ते उत्तर कुणाकडून, कधी आणि कशा रीतीने मागायचे, हे ठरवताना आपण बहुधा अर्धाच विचार करतो.

मराठवाड्यातच घडलेले पैठण तालुक्यातले प्रकरण अनेकांना आठवत असेल. 2021 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात सुमारे 15 लाख रुपये जमा झाले. प्रत्येकाच्या खात्यात 15 लाख येणार, ही चर्चा 2014 च्या निवडणुकीच्या काळापासून गावोगाव चालू होती. त्या शेतकऱ्याला वाटले, ते हेच पैसे. त्याने पंतप्रधानांचे आभार मानणारे पत्रही पाठवले. काही महिने कुणी काही विचारले नाही, म्हणून त्याने त्यातून सुमारे नऊ लाख काढून घर बांधले. मग बँकेला चूक कळली. पैसे होते पिंपळवाडी ग्रामपंचायतीच्या विकासनिधीचे. खात्यात शिल्लक होते ते बँकेने वळते करून घेतले आणि उरलेल्या नऊ लाखांचा तगादा त्या शेतकऱ्यामागे लागला. 2022 च्या फेब्रुवारीत ही बातमी देशभर झाली आणि बहुतेकांनी ती हसण्यावारी नेली. मला ती हसण्यासारखी वाटत नाही. भाबडेपणाने फसलेला एक माणूस आणि हक्काच्या निधीला मुकलेले एक गाव, असे दोन पक्ष त्यात आहेत आणि मूळ चूक दोघांपैकी कुणाचीच नाही.

चुकीने दिलेल्या पैशाबद्दल आपला कायदा जुना आणि स्पष्ट आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 72 सांगते की चुकीने किंवा जबरदस्तीमुळे ज्याला पैसे दिले गेले, त्याने ते परत केले पाहिजेत. फौजदारी बाजू अधिक बारकाईची आहे. 1860 च्या दंडसंहितेत कलम 403 खाली एक दाखला दिलेला होता : एखाद्याने दुसऱ्याची वस्तू आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीने नेली, तर ती चोरी नव्हे, पण चूक कळल्यानंतरही ती त्याने अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरली, तर तो गुन्हा. भारतीय न्याय संहितेत 1 जुलै 2024 पासून हेच कलम 314 म्हणून लागू आहे आणि शिक्षा किमान सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची व दंडाची आहे. म्हणजे कायद्याने सारा भार कळण्याच्या क्षणावर ठेवला आहे. नीतीनेही तो तिथेच ठेवावा असे मला वाटते, फक्त एक पाऊल अलीकडे. 'मला कळलेच नाही' असे म्हणणाऱ्याला, 'कळावे म्हणून तू काय केलेस?' हे विचारायला हवे. दोन हजारांच्या हप्त्याऐवजी चार हजार आले तर माणूस थकीत हप्ता समजू शकतो, त्यात काही वावगे नाही. पण ज्या खात्यात कधी पन्नास हजारही आले नाहीत तिथे 15 लाख आल्यावर शाखेत जाऊन 'हे कशाचे आहेत' एवढे विचारणे हे त्या माणसाचे कर्तव्य होते. परत करण्याच्या आधी विचारणे येते, आणि प्रामाणिकपणाची खरी परीक्षा मला तिथेच दिसते.

त्याच पैठणच्या नाथांबद्दल परंपरेने एक कथा जपली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक निघाली. ती शोधत एकनाथ रात्रभर दिव्याजवळ बसले आणि पहाटे ती सापडली तेव्हा आनंदाने भान विसरले. गुरुसेवेतल्या एकाग्रतेचे उदाहरण म्हणून कीर्तनात ही कथा येते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. कुणी विचारायला आलेले नव्हते, चोरीचा आळही नव्हता, तरी हिशेब जुळत नाही ही गोष्टच नाथांना झोपू देत नव्हती. हिशेबात एकीकडे जास्त दिसते तेव्हा दुसरीकडे कुणाचे तरी कमी पडलेले असते. पिंपळवाडीच्या निधीतून झाले असते ते नळ, नाल्या, रस्ते कुणा धनाढ्याचे नव्हते. ते तिथल्या शेतमजुरांचे आणि शाळेला जाणाऱ्या पोरांचेही होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : चूक बँकेची आहे, तिची शिक्षा आम्ही का भोगावी? हा प्रश्न फार जुना आहे. 1841 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयापुढे केली विरुद्ध सोलारी हा खटला आला. हप्ता थकल्यामुळे रद्द झालेल्या विम्याची रक्कम कंपनीच्या संचालकांनी विसरून मृताच्या विधवेला देऊन टाकली होती. न्यायाधीशांचे म्हणणे असे पडले की देणारा कितीही निष्काळजी असला तरी ज्याचा हक्क नाही त्याच्याकडे पैसे राहण्याचे ते कारण ठरत नाही. ते पटते. बँकेच्या हलगर्जीपणाची शिक्षा बँकेला जरूर व्हावी, पण ती शिक्षा म्हणजे माझी कमाई, असा न्याय कुठेच नसतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि मराठवाड्यात तो रागाने केला जातो. मोठमोठे कर्जबुडवे सुटतात, सहकारी बँका पोखरल्या जातात, शेतकऱ्यांच्या ठेवी अडकून पडतात, मग गरिबाच्या खात्यात पडलेल्या पैशावरच नीतीचे पाठ का? हा राग खरा आहे. पण राग ज्यांच्यावर आहे त्यांचे पैसे क्वचितच चुकून आपल्याकडे येतात. यूपीआयवर मोबाइलचा एक आकडा चुकला किंवा शाखेतल्या फॉर्मवर खातेक्रमांक लिहिताना दोन आकडे उलटसुलट झाले, तर पैसे जातात ते हैदराबादला किंवा पुण्याला कामाला गेलेल्या कुणा पोराने घरी पाठवलेले. रिझर्व्ह बँकेच्या 2010 च्या सूचनेनुसार इलेक्ट्रॉनिक व्यवहारात रक्कम केवळ खातेक्रमांक पाहून जमा करता येते, नाव जुळवले जात नाही. आणि पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याच्या संमतीशिवाय बँक ते बहुधा परत वळवू शकत नाही. तेव्हा त्या पोराच्या आईला पैसे मिळणार की नाही, हे एका अनोळखी माणसाच्या होकारावर ठरते.

तिसरा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. पैसे खर्च झाले, आता आणू कुठून? ज्याने चूक ओळखून घाईघाईने पैसे काढून घेतले त्याला हे म्हणण्याचा अधिकार नाही. पण ज्याने खऱ्या समजुतीने खर्च केला, त्याच्याकडून एकरकमी वसुली करणे हा अन्याय आहे, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांबाबत हे मानलेले आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात 18 डिसेंबर 2014 रोजी न्यायालयाने सांगितले की कार्यालयाच्या चुकीने जास्त पगार दिला गेला असेल तर तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून किंवा निवृत्तीला वर्ष उरलेल्यांकडून तो वसूल करू नये, आणि पाच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या जादा रकमेची वसुलीही करू नये. शिपायाला जी सवलत मिळते तिच्यामागचा विचार अल्पभूधारकाला का लागू नये? पैठणच्या प्रकरणात ग्रामपंचायतीला पूर्ण निधी ताबडतोब मिळायला हवा होता, कारण तिचा काही दोष नव्हता. तो बँकेने आपल्या खिशातून द्यावा आणि घर बांधून बसलेल्या शेतकऱ्याकडून, त्याला झेपेल अशा हप्त्यांनी, बिनव्याजी घ्यावा, ही मला न्याय्य वाटणारी वाट आहे. खातेच गोठवून टाकणे हा तर उफराटा उपाय. त्याच खात्यात उद्या अतिवृष्टीचे अनुदान येते आणि तेही अडकते. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नका असे सरकार आपल्या आदेशांत बँकांना बजावत असते, ते याच कारणाने.

आता विचारणे आणि परत करणे सोपे आहे का, हेही पाहिले पाहिजे. चुकून आलेले पैसे परत करण्यात हल्ली धोकाही असतो. आधी थोडी रक्कम पाठवायची, मग रडवेल्या आवाजात फोन करायचा, 'चुकून गेले हो, या नंबरवर टाका', अशी फसवणूक चालते. कधी पैसे आल्याचा मेसेजच खोटा असतो, कधी आलेले पैसे तिसऱ्याच कुणाचे चोरलेले असतात आणि पुढे पाठवणाऱ्यावर पोलिसांची चौकशी येते. म्हणून फोन करणाऱ्याच्या नंबरवर काहीही पाठवू नये. शाखेत लेखी अर्ज द्यावा, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात बँकेमार्फत ते परत जाऊ द्यावेत, आणि संशय असेल तर 1930 या हेल्पलाइनवर कळवावे. 2025 च्या एप्रिलपासून आरटीजीएस आणि एनईएफटीने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसण्याची सोय बँकांना सक्तीची झाली आहे. ही चांगली गोष्ट आहे, पण ती पाठवणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्यासाठी काय? बिलोलीच्या किंवा कुंडलवाडीच्या शाखेत दुपारच्या गर्दीत 'हे पैसे कशाचे' म्हणून विचारणाऱ्या म्हातारीला 'आले ना, मग घ्या की' असे उत्तर मिळाले, तर पुढच्या खर्चाचा दोष तिच्या एकटीच्या माथी मारता येणार नाही. पासबुकातली ओळ मराठीत असावी, तीत योजनेचे किंवा पाठवणाऱ्याचे नाव असावे, आणि चुकीची रक्कम कळवणाऱ्या खातेदाराच्या अर्जावर त्याच दिवशी तारीख आणि शिक्का मारून पोच मिळावी, एवढी व्यवस्था प्रत्येक शाखेला करता येण्यासारखी आहे. ती पोच हाती असली की त्या दिवसानंतरच्या दिरंगाईची जबाबदारी बँकेची.