प्रार्थना, क्षमा आणि भरवसा : ख्रिस्ती श्रद्धेतील तीन शब्द

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास करताना फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण', ना. वा. टिळक यांची 'अभंगांजली', लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' असे ग्रंथ आपल्यापुढे येतात. त्यांत प्रार्थना, क्षमा आणि विश्वास हे शब्द पदोपदी भेटतात. हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत आणि वाचकाची खरी अडचण तेथेच सुरू होते. ओळखीच्या शब्दापाशी आपण थांबत नाही, आपल्या संस्कारांतून आलेला अर्थ त्यात भरून पुढे जातो. म्हणून या तीन शब्दांमागचा ख्रिस्ती आशय येथे थोड्या विस्ताराने पाहू. त्यासाठी येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आधाराला घेऊ, कारण हे तीनही शब्द तिच्यात एकत्र नांदतात.

प्रार्थनेतील 'तू' आणि 'आम्ही'

ही प्रार्थना नव्या करारात दोन ठिकाणी येते : मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या अध्यायात. लूकचा पाठ अधिक आटोपशीर आहे. मत्तयाने ती सांगण्यापूर्वी येशूची एक सूचना नोंदवली आहे. प्रार्थना लोकांना दिसावी म्हणून करू नये आणि शब्दांची उगाच रेलचेलही करू नये, कारण तुम्हांला काय हवे ते पित्याला आधीच ठाऊक आहे. मग मागायचे तरी कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. येथे मागणे म्हणजे देवाला माहिती पुरवणे नव्हे. मूल आईबापांकडे मागते तेव्हा ते आपले नातेही सांगत असते, तसे हे मागणे आहे. प्रार्थनेचा पहिलाच शब्द हाक मारण्याचा आहे, आणि ती हाक पित्याला आहे.

मराठी अनुवादकाला या हाकेपाशीच निवड करावी लागते. 'पिता' म्हणायचे की 'बाप'? दोन्ही शब्द मराठी ख्रिस्ती वापरात आढळतात, पण त्यांतील अंतर आपण जाणतो. देवाला संबोधताना 'तू' योजावे हे मात्र मराठीला सहज पटले, कारण विठोबाला 'तू' म्हणण्याची सवय संतांनी आपल्याला आधीच लावली होती. आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. मराठीत 'आपण' म्हटले की ऐकणारा त्यात येतो, 'आम्ही' म्हटले की तो वगळला जातो. ग्रीक भाषेत हा भेद नाही. मराठीत ही प्रार्थना 'आम्ही'ने होते, म्हणजे देव एका बाजूला आणि मागणारी माणसे दुसऱ्या बाजूला. पण त्या 'आम्ही'त शेजारीही आहे. एकांतात दार लावून म्हटलेल्या या प्रार्थनेत 'मी' एकदाही येत नाही. भाकर मागायची तीही सर्वांसाठी. (ग्रीकमधील 'आर्तोस'ला मराठीने 'भाकर' केले, हे मला या अनुवादाचे मोठे यश वाटते.)

क्षमा : सोसणे की सोडणे?

आता सर्वांत अवघड शब्दाकडे वळू. 'क्षमा' हा शब्द संस्कृत 'क्षम्' धातूपासून आला. त्या धातूचा अर्थ सहन करणे. सारे काही सोसते म्हणून पृथ्वीचेही एक नाव 'क्षमा' आहे. नव्या करारात जेथे आपण 'क्षमा करणे' असे वाचतो, तेथे बहुधा 'आफिएमी' हे ग्रीक क्रियापद असते. त्याचा अर्थ सोडणे, जाऊ देणे. येशूच्या मागे निघालेले कोळी आपली जाळी सोडतात, तेथे मत्तयाने हेच क्रियापद योजले आहे. कर्ज सोडून देणे या अर्थीही ते येते. मत्तयाच्या पाठात सूट मागितली आहे ती 'ऋणां'ची. लूक त्या जागी 'पापे' म्हणतो, पण त्याच वाक्याच्या उत्तरार्धात त्याच्याकडेही 'ऋणी' माणूस आहेच. येशूच्या बोलीभाषेत, म्हणजे अरामी भाषेत, 'होबा' या एकाच शब्दाने ऋण आणि पाप या दोहोंचा बोध होत असे. हे लक्षात घेतले की दोन पाठांतील फरक उलगडतो.

या दृष्टीने पाहता, अरबी-फारसीतून आलेला, सारामाफी आणि कर्जमाफी यांतील आपला 'माफी' हा व्यवहारी शब्द शुभवर्तमानाच्या आशयाला 'क्षमे'पेक्षा अधिक जवळचा आहे. भारदस्त शब्द नेहमीच अचूक असतो असे नाही.

या भेदाचा परिणाम केवळ कोशापुरता राहत नाही. क्षमा म्हणजे सोसणे असे धरले, तर छळ सहन करणाऱ्या माणसाला 'क्षमा कर' म्हणजे 'गप्प राहा' असा उपदेश करता येतो, आणि घराघरांत तो केलाही जातो. ऋणाच्या प्रतिमेत तशी सोय नाही. कर्ज माफ झाले याचा अर्थ कर्ज नव्हतेच असा होत नाही. उलट, आधी ते वहीत लिहिलेले असावे लागते. माफीनंतर रक्कम बुडते आणि ती देणाऱ्याची बुडते. म्हणजे चूक ही चूकच ठरते, तिची किंमतही असते, आणि ती किंमत क्षमा करणारा स्वतः उचलतो. ख्रिस्ती विचारात क्रुसाचा अर्थ याच रेषेत लावला जातो. लूकच्या सतराव्या अध्यायात तर चुकलेल्या भावाला आधी दोष दाखवण्यास सांगितले आहे, आणि त्याने पश्चात्ताप केल्यास क्षमा करण्यास. सहनशीलतेचा उपदेश शुभवर्तमानांत अन्यत्र आहे, पण तो क्षमेत मिसळू नये.

प्रार्थनेतील अट मात्र अनेकांना खटकते. आम्ही इतरांना सोडतो तसे तू आम्हांला सोड, हा सौदा तर नव्हे? याचे उत्तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात मिळते. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांतांचे कर्ज असते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे कर्ज झाले सुमारे ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे. ते कोणत्याही जन्मात फिटणारे नव्हे, तरी राजा ते सोडतो. बाहेर पडताच त्या चाकराला आपला एक ऋणको भेटतो. त्याच्याकडून येणे असते १०० दिनार. तो त्याचा गळा धरतो. पायाशी पडलेला ऋणको जवळजवळ त्याच शब्दांत मुदत मागतो, ज्या शब्दांत या चाकराने राजाकडे मागितली होती. तरीही तो त्याला तुरुंगात टाकतो. १०० दिवसांची मजुरी ही काही किरकोळ रक्कम नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. आपले येणे खोटे आहे असे दृष्टान्त म्हणत नाही. तो क्रमाकडे बोट दाखवतो : आधी राजाची माफी, मग चाकराची परीक्षा.

विश्वास की भरवसा?

ग्रीक 'पिस्तिस' या शब्दात विश्वास, भरवसा आणि निष्ठा हे तिन्ही अर्थ सामावतात. मराठीत ते वेगवेगळ्या शब्दांत विभागले गेले. 'देव आहे असा माझा विश्वास आहे' आणि 'माझा देवावर विश्वास आहे' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले मत सांगते, दुसरे नाते. प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा 'आमेन' हा शब्द ज्या हिब्रू धातूपासून आला, त्याचा अर्थ दृढ असणे, टेकता येईल इतके पक्के असणे. म्हणून या संदर्भात 'भरवसा' हा बोलीतला शब्द मला अधिक नेमका वाटतो.

मागितले ते मिळेलच अशी खात्री म्हणजे भरवसा नव्हे. गेथशेमाने बागेतील प्रसंग या दृष्टीने मार्कच्या चौदाव्या अध्यायात अवश्य वाचावा. अटकेच्या रात्री येशू पित्याला 'अब्बा' या घरगुती अरामी शब्दाने हाक मारतो आणि दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती करतो. ती मान्य होत नाही. सोबतचे शिष्य झोपी गेलेले असतात. तरीही तो पित्याच्या इच्छेला संमती देतो आणि उठून पुढे जातो. विनंती आणि संमती एकाच श्वासात आहेत. विनंती खोटी नाही, संमतीही उसनी नाही.

मराठी भाषेतील वाट

'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा रूढ शब्दही घेतला. टिळकांनी अभंग जवळ केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. याउलट पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक यांवरून केलेला बायबलचा अनुवाद, जो त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला, साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीची वाट धरतो. एका बाजूला परंपरेने भारलेला शब्द, दुसऱ्या बाजूला रोजच्या वापरातला शब्द. प्रत्येक मराठी ख्रिस्ती लेखकाला या दोहोंतून निवड करावी लागली आहे.

स्वाध्याय : 'स्मृतिचित्रे'मधील असा एक प्रसंग निवडा, ज्यात कोणी कोणाला क्षमा केली आहे. तेथील क्षमा 'सोसणे' या अर्थाची आहे की 'सोडणे' या अर्थाची, हे लेखिकेच्या शब्दयोजनेच्या आधारे सुमारे १५० शब्दांत लिहा.