विभक्त दांपत्य आणि परदेशातील वास्तव्याचा हक्क

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने परदेशच्या व्हिसावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचा विषय बोनस, हजेरी, बडतर्फी आणि ठेकेदार हा. परंतु पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासून या माळावर जी कामगार कुटुंबे वस्तीला आली, त्यांची तिसरी पिढी आता कर्ती झाली आहे. आजोबांनी लेथ चालविले, वडिलांनी सुपरवायझरी केली, आणि नातू चाकणच्या कारखान्यातून जर्मनीला, नाही तर हिंजवडीच्या कचेरीतून अमेरिकेला गेला. चाकणला 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाल्यापासून तर जर्मन गावांची नावे निगडी-आकुर्डीच्या घरांतून सहज ऐकू येतात. जो नोकरीवर गेला, त्याच्या पाठोपाठ त्याचा विवाहाचा जोडीदार गेला. बहुतेक संसार सुखाचे होतात, काही मोडतात. संसार मोडला म्हणजे त्या जोडीदाराचा त्या देशात राहण्याचा हक्कही मोडतो काय, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्ही हौसेने अभ्यासला नाही. भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक टर्नर आमचे जुने सहकारी. त्यांची मुलगी विवाहानंतर जर्मनीला गेली. दोन वर्षे आठ महिने संसार झाला, आणि एके दिवशी नवरा वेगळे बिऱ्हाड करून निघून गेला. मुलीच्या हातात त्याच वेळी एका प्रयोगशाळेतील नोकरीचे पत्र आले होते. बाप सल्ला विचारण्यास आमच्याकडे आला. आम्ही काय सांगितले? "परक्या मुलखात पोर एकटी ठेवू नका. घरी आणा. चार महिने जाऊ द्या, बोलणी करू. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची." मुलगी आली. चार महिन्यांचे दहा झाले. बोलणी फिसकटली, आणि परत जाण्याची वेळ आली तेव्हा समजले की, सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यामुळे तिचा वास्तव्य परवाना आपोआप संपला होता. नोकरीची जागाही दुसऱ्याने भरली होती. आज ती चाकणला नोकरी करते; चांगली करते. पण कोठे राहावयाचे हे तिने ठरविले नाही, ते आमच्या अज्ञानाने ठरविले. त्यानंतर आम्ही हे कायदे वाचावयास घेतले.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. घरातली माणसे अशा प्रसंगी अब्रूचा विचार करतात, आणि कचेरीतला अधिकारी तारखांचा. तारखा चार असतात: लग्नाची, एकत्र राहणे संपल्याची, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची आणि देश सोडल्याची. प्रत्येक देश यांपैकी वेगळ्या तारखेला महत्त्व देतो. आपल्या प्रकरणात कोणती तारीख मोजली जाते, हे ज्याला कळले त्याला अर्धे प्रकरण कळले.

प्रथम जर्मनी घेऊ. तेथील कायदा असे विचारतो की, पतिपत्नी या देशात प्रत्यक्ष एकत्र किती काळ नांदली? हा काळ निदान तीन वर्षांचा भरला, तर विभक्त झालेल्या जोडीदाराला स्वतःच्या नावाने एक वर्षाचा परवाना मिळू शकतो, आणि पुढचा परवाना मुख्यतः तो आपल्या पायावर उभा आहे की नाही यावर ठरतो. 2011 पूर्वी ही मर्यादा दोन वर्षांची होती. येथे आपल्याकडची माणसे हमखास फसतात. त्यांना वाटते, घटस्फोट झालेला नाही तोवर लग्न चालूच आहे. नात्याच्या दृष्टीने ते खरे. परंतु ही तीन वर्षे घटस्फोटापर्यंत मोजीत नाहीत, एकत्र नांदणे थांबले त्या दिवसापर्यंत मोजतात. जर्मनीत घटस्फोटापूर्वी साधारणपणे एक वर्ष वेगळे राहावे लागते. ते वर्ष या तीन वर्षांत धरले जात नाही.

आमच्या कामगार श्रोत्यांना हे लवकर कळेल. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात 240 दिवसांच्या सलग नोकरीला मोल होते, आणि म्हणून ठेकेदार दोनशेतिसाव्या दिवशी माणसाला ब्रेक देत असे. कायद्यात मर्यादेची रेषा आली की रेषेच्या अलीकडे पडणारी माणसेही आली. त्यांच्यासाठी जर्मन कायद्यात एक खिडकी ठेवलेली आहे: जोडीदाराने मारहाण वा छळ केला असेल, किंवा अशीच विशेष हालअपेष्टा असेल, तर तीन वर्षांची अट सोडता येते. मात्र ती सिद्ध करावी लागते; डॉक्टरांचा दाखला, पोलिसांतील नोंद, स्त्रियांच्या आश्रयगृहाचे पत्र असे काही हाती असावे लागते. दुसरी वाट स्वतःच्या नोकरीची. योग्य शिक्षण आणि तशी नोकरी असेल, तर विवाहाच्या आधारावरचा परवाना बदलून नोकरीच्या आधारावर मागता येतो. आमच्या सहकाऱ्याच्या मुलीची वाट ती हीच होती.

अमेरिकेत हिशेब निराळा. तेथे नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याची पत्नी एच-चार या अवलंबी व्हिसावर असते. नुसते वेगळे राहिल्याने तो हक्क संपत नाही. घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा झाला की संपतो. म्हणून शिक्षणाचा किंवा नोकरीचा स्वतंत्र व्हिसा मागावयाचा तर तो अर्ज हुकूमनाम्यापूर्वी केला पाहिजे. जर्मनीत जी तारीख निर्णायक, ती येथे गौण, हे लक्षात घ्यावे.

अमेरिकन नागरिकाशी विवाह करून ग्रीन कार्ड मिळाले असेल तर आणखी वेगळे. कार्ड मिळण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर ते कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त असते. खोटी लग्ने रोखण्यासाठी 1986 साली हा नियम आला. मुदत संपण्यापूर्वीच्या 90 दिवसांत पतिपत्नींनी मिळून अट काढण्याचा अर्ज करावयाचा असतो. संसार मोडला असेल आणि जोडीदार सही देत नसेल तर? तर एकट्याने अर्ज करून सवलत मागता येते: लग्न खऱ्या भावनेने केले होते पण घटस्फोट झाला, किंवा छळ झाला, किंवा देश सोडल्यास असह्य हाल होतील, या कारणांवर. घटस्फोटाचे कारण पुढे करावयाचे तर हुकूमनामा लागतो. छळाच्या कारणाला तो लागत नाही. शिवाय 1994 च्या कायद्याने, नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराने छळलेल्या व्यक्तीला त्याच्या नकळत स्वतःचा अर्ज करण्याची सोय दिली. घटस्फोट झाला असल्यास तो दोन वर्षांच्या आत करावा लागतो. ही सोय पुरुषांनाही आहे.

ब्रिटनमध्ये नागरिकाशी वा तेथे स्थायिक झालेल्याशी विवाह करून गेलेल्याला कायम वास्तव्याला पाच वर्षे लागतात. 2012 पूर्वी दोन लागत. त्याआधी संसार मोडला तर सरकारला कळवावे लागते आणि परवाना आखडला जाऊ शकतो. पण छळामुळे मोडला असेल, तर मुदत भरण्याची वाट न पाहता कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

दुसऱ्यांच्या घराचे बोललो, आता आपल्या. आपल्या शहरांतही परदेशी सुना आणि जावई आहेत. भारतीय नागरिकाशी झालेला विवाह नोंदलेला असेल आणि सलग दोन वर्षे टिकला असेल, तर परदेशी जोडीदाराला ओ.सी.आय. कार्डासाठी अर्ज करता येतो. नागरिकत्वासाठी मात्र सात वर्षांचे वास्तव्य लागते. न्यायालयाने विवाह संपविला तर असे कार्ड रद्द होऊ शकते, अशी तरतूद आपल्या नागरिकत्व कायद्यात आहे. आपल्या मुलीला परक्या देशाने न्याय द्यावा असे म्हणणाऱ्याने आपल्या घरातून निघालेल्या परक्या मुलीचाही विचार करावा. तिलाही आईबाप आहेत. ते दूर आहेत इतकेच.

आता धमकीविषयी. "तुझा व्हिसा मी उद्या रद्द करतो," हे वाक्य आम्ही अनेक प्रकरणांत ऐकले आहे. त्याचा अर्थ नीट पाहावा. अर्ज अजून चालू असेल तर ज्याच्या आधारावर तो केला तो माणूस आपला आधार काढून घेऊ शकतो. पण मिळालेला परवाना रद्द करणे हे सरकारचे काम आहे, नवऱ्याचे नव्हे. तो कळवू शकतो; निर्णय अधिकारी देतो, आणि बाजू मांडण्याची संधी बहुधा मिळते. "उद्यापासून कामावर येऊ नकोस" असे फोरमन म्हणाला म्हणून नोकरी जात नाही, हे शिकायला आपल्या कामगारांना किती वर्षे लागली! हेही तसेच आहे.

देश सोडण्याची तारीख सर्वांत घातक, कारण ती आपणच आपल्या हाताने लिहितो. जर्मन परवान्याला साधारणपणे सहा महिन्यांची मर्यादा आहे. ब्लू कार्ड धारकाच्या कुटुंबाला बारा महिन्यांची. परतीची आगाऊ परवानगी न घेता वर्षाहून अधिक बाहेर राहिल्यास ग्रीन कार्ड धोक्यात येते. मूल असेल तर दुसऱ्या पालकाच्या संमतीवाचून त्याला घेऊन भारतात येऊ नये. मुलांच्या अपहरणाविषयीच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही, म्हणून येथे सारे सुरक्षित, असे काही जण सांगतात. परंतु तेथील न्यायालय आईविरुद्ध वा बापाविरुद्ध हुकूम देऊ शकते, आणि मग परतीची वाट बंद होते. अर्थात जिवाला धोका असेल तर आधी जीव वाचवावा. त्यासाठीही प्रथम त्या देशातील आश्रयगृह, पोलीस आणि आपला वकिलातीचा अधिकारी आठवावा, विमानाचे तिकीट नंतर.

घटस्फोटाचा खटला कोठे चालावा, हाही प्रश्न येतो. नवऱ्याने परदेशात एकतर्फी हुकूमनामा मिळविला म्हणजे येथला विवाह संपतोच असे नाही. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्या कायद्याखाली लग्न झाले त्यात नसलेल्या कारणावर दिलेला आणि दुसऱ्या पक्षाने त्या न्यायालयाचा अधिकार मनापासून मान्य न करता झालेला असा हुकूमनामा येथे बांधील नाही. परिणाम चमत्कारिक होतो: तेथे घटस्फोटित, येथे विवाहित. तेथून आलेल्या न्यायालयीन कागदाकडे दुर्लक्ष करणे मात्र चूक. त्याच्या उत्तराचीही तारीख असते. अशा प्रकरणांत तक्रार ऐकण्यासाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा स्वतंत्र कक्ष 2009 पासून आहे.

एक इशारा. विभक्त झाल्यावरही अर्जावर "एकत्र राहतो" असे लिहिण्याचा मोह होतो, आणि सल्ला देणारेही भेटतात. तसे कधीही करू नये. खरा संसार मोडल्याचा दोष कोणताही कायदा देत नाही. खोटे लिहिल्याचा दोष मात्र सर्वच देतात, आणि जो हक्क मिळाला असता तोही जातो.

म्हणून आईबापांना आमचे सांगणे एवढेच. मुलगी निघते तेव्हा दागिन्यांच्या डब्याबरोबर एक फाइलही द्या: विवाह नोंदणीचा दाखला, पदवीची प्रमाणपत्रे, पारपत्र आणि परवाना यांच्या नकला. मूळ पारपत्र तिच्याच ताब्यात असावे. घरभाड्याचा करार, बँकेचे खाते यांवर तिचेही नाव असावे. एकत्र नांदल्याचा पुरावा तोच. संकटाचा फोन आला तर "ये घरी" म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. परवाना कोणत्या आधारावर आहे? त्याची मुदत केव्हा संपते? तेथील वकिलाला भेटलीस का? नियम बदलत असतात. शेवटचा शब्द त्या देशातील जाणकाराचा घ्यावा, आमचा नव्हे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण खरी असेल, पण वकिलाला वेळेवर प्रश्न विचारू नये असे तीत कोठेही म्हटलेले नाही. उत्तरे आल्यावर तिला घरी यावेसे वाटले तर दार उघडेच आहे. राहावेसे वाटले तर तोही तिचा हक्क आहे.

तीस वर्षे आम्ही कामगारांना सांगत आलो की, नेमणुकीचा कागद स्वतःच्या ट्रंकेत ठेवा, मालकाच्या कपाटात नको. हाच नियम घरात लेकीबाळींना सांगावयाचा आम्हाला उशिरा सुचला. झाकलेल्या मुठीत अब्रू राहते असे आम्ही मानीत होतो. त्या मुठीत एक परवानाही होता, आणि त्याची मुदत संपत होती.